भावाला कोलायटिस निघाला आणि बातमीत म्हणतात केसेस वाढतायत

पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते. त्यातला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा होण्याचा आजार, आणि आयबीडी म्हणजे तो आणि त्याच्यासारखे आतड्याच्या सुजेचे आजार मिळून दिलेलं नाव.

"ताई, माझ्या धाकट्या भावाला, वय २४, पाच महिन्यांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. तेव्हापासून घरात शांतता अशी नाहीच. त्यात बातमी वाचली की आमच्या भागात आयबीडीचे पेशंट झपाट्याने वाढतायत. बाबा म्हणतात बाहेरचं खाऊन खाऊन झालंय, आई म्हणते आमच्या वेळी असले आजार नव्हतेच, आणि भाऊ दोघांशीही बोलेनासा झालाय. गोळ्यांनी म्हणावा तेवढा फरक नाही, डॉक्टर पुढच्या वेळी औषध वाढवायचं म्हणतायत. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे, तिची काही टेस्ट करून घ्यावी का, की सरळ दुसरीकडे राहायला जावं, असं काहीही डोक्यात येतं. अजून एक, आईने भावाच्या लहानपणीची औषधांची फाईल कपाटातून काढलीये आणि रात्री सगळे झोपले की ती एकेक कागद बघत बसते. विचारलं तर म्हणते काही नाही. – एक बहीण"

हे बघ, तू ताई म्हटलंस म्हणून मी सरळ अगं-तुगं करतेय. मी डॉक्टर नाही. मला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, एकोणीस वर्षं झाली, आणि त्यातली सहा वर्षं मी अशाच पेशंटची नोंद ठेवायच्या एका कामात डेटा एन्ट्री करत होते. त्यामुळे तुझ्या घरातलं भांडण पण मला ओळखीचं आहे आणि बातमीतला आकडा कसा तयार होतो ते पण मी जवळून बघितलंय. फाईलचं शेवटी बोलते, कारण तिथपर्यंत पोचायच्या आधी बाकीचं बरंच बाजूला करावं लागेल.

आधी बातमी. "पेशंट वाढतायत" या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बातमी लिहिणारा बहुतेक वेळा त्या एकत्र करून टाकतो. एक म्हणजे दरवर्षी नव्याने किती जणांना आजार निघाला, आणि दुसरी म्हणजे आज या घडीला एकूण किती जण हा आजार घेऊन जगतायत. एखाद्या वर्गाचा विचार कर, दरवर्षी ऍडमिशन तेवढ्याच होतायत पण पास होऊन बाहेर कोणी पडतच नाहीये, मग काय होणार, नवीन येणारी पोरं वाढली नाहीत तरी वर्ग भरत जाणार. आयबीडीचं अगदी तसंच आहे. आजार साधारण पंधरा ते पस्तीस या वयात निघतो, कायमचा बरा होत नाही, आणि औषधं नीट चालली तर माणूस पुढे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. समजा लाखात २० नवीन पेशंट दरवर्षी निघतात आणि प्रत्येक जण पन्नास वर्षं जगतो, तर कधीतरी लाखात १००० होणार, म्हणजे शंभरात एक, आणि नवीन पेशंटचा आकडा मधल्या काळात एकानेही वाढलेला नसेल.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही बरं का. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा ज्या भागात येतं त्या लोथियनची मोजणी झालीये, २०१८ साली तिथे लाखात ७८४ लोक आयबीडीचे होते आणि अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज होता की २०२८ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या थोडं वर जाईल. म्हणजे साधारण अठ्ठ्याण्णव माणसांत एक. असा आकडा बातमीत वाचला की पोटात गोळा येतो. पण त्यात कोण कोण मोजलंय ते बघ ना. त्यात सत्तरीतली आजीबाई आहे जिला तिशीत आजार निघाला होता आणि जिने त्याच्यासकट नोकरी केली, मुलं वाढवली. त्यात माझ्यासारखी एकोणीस वर्षं जुनी पेशंट आहे.

आणि पूर्वी हा आकडा कमी का होता त्याचं एक कारण फार वाईट आहे. १९३३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या पेशंटची नोंद छापून आली होती, ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस पहिल्यांदाच अगदी जोरात आला त्यांच्यातले सुमारे ७५ टक्के लोक पहिल्या वर्षातच गेले होते. मग १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कॉर्टिसोनची, म्हणजे सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडची, ट्रायल केली, तेव्हा गंभीर ऍटॅक आलेल्यांमध्ये औषध न मिळालेल्यांत २४ टक्के मृत्यू होते ते औषधवाल्यांत ७ टक्क्यांवर आले. पुढे बाकीची औषधं आली, ऑपरेशन सुधारली, १९९८ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबला मंजुरी मिळाली आणि बायोलॉजिक, म्हणजे सूज वाढवणाऱ्या प्रथिनांना अडवणाऱ्या, इंजेक्शनांचा काळ सुरू झाला. जगाचा हिशोब बघितला तर १९९० मध्ये ३७ लाख लोक आयबीडी घेऊन जगत होते ते २०१७ मध्ये ६८ लाख झाले, आणि त्याच काळात लोकसंख्येच्या मानाने मृत्यूचं प्रमाण कमी झालं. त्या वाढलेल्या आकड्यात न मेलेली माणसं आहेत. हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाहीये, आकडा मोजतातच तसा.

आता तू म्हणशील मग नवीन पेशंट वाढतच नाहीयेत का? वाढतायत, खोटं कशाला सांगू. कॅनडातल्या कॅलगरीचे गिलाड कॅप्लन आणि जोसेफ विंडसर यांनी २०२१ साली याचे चार टप्पे मांडले होते, मला ते फार पटतात. पहिल्या टप्प्यात एखाद्या भागात आजार तुरळक दिसायला लागतो. दुसऱ्यात शहरं वाढतात, राहणीमान बदलतं आणि नवीन पेशंट भराभर वाढतात, पण एकूण संख्या अजून कमी असते. तिसऱ्यात नवीन पेशंटची वाढ मंदावते किंवा थांबते तरी एकूण संख्या साठतच जाते, मघाशी सांगितलं तसं, लोथियन याच टप्प्यातलं. चौथा टप्पा म्हणजे हे साठणंही कधीतरी स्थिरावेल, तो अजून कुठे आलेला नाही. तर तुमचा भाग कुठल्या टप्प्यात आहे यावर त्या बातमीचा अर्थ ठरतो. दुसऱ्यात असेल तर "झपाट्याने" हा शब्द खरा आहे, पण त्या टप्प्यात सुरुवातच इतकी खालून असते की दुप्पट होऊनही आजार दुर्मिळच राहतो. आशियातल्या आठ देशांची आणि ऑस्ट्रेलियाची एकाच पद्धतीने मोजणी झाली होती २०११-१२ मध्ये, त्यात आशियात वर्षाला लाखात १.३७ नवीन पेशंट निघाले आणि ऑस्ट्रेलियात २३.६७. आता १.३७ चं दुप्पट केलं तरी किती होतं बघ.

शिवाय मोजणारं कोण आणि कधीपासून, हा एक मोठा घोळ असतो ज्यावर बातमीत ओळभरही नसतं. आमच्या कामात मी रोज एकाच माणसाची दोन नावं शोधायचे. एका कागदावर लग्नाआधीचं आडनाव, दुसऱ्यावर नंतरचं, वय एकीकडे २९ आणि दुसरीकडे ३१, आणि बायोप्सीची तारीख मात्र एकच. ती तारीख जुळली नसती तर दोन पेशंट झाले असते. नोंदीचं पहिलं वर्ष असतं ना त्यात तर दहा-दहा वर्षं जुने पेशंट "नवीन" म्हणून येतात, कारण आपल्या वहीत ते नवीनच असतात. आणि ज्या वर्षी दुर्बिणीतून तपासणी करणारा अजून एक डॉक्टर आला त्या वर्षी आमचा आकडा असा काही वर गेला की वाटावं साथ आलीये. आदल्या वर्षी ते पेशंट नव्हते का? होते की, बघणारं कोणी नव्हतं.

मी स्वतः त्यातलीच. मला दोन वर्षं रक्त पडत होतं आणि दोन वर्षं मी मूळव्याधीचं मलम लावत बसले होते, कारण पहिल्या डॉक्टरांनी तसं सांगितलं, दुसऱ्यांनी पहिल्यांचा कागद बघून तेच लिहिलं, आणि मला पण मूळव्याध ऐकायला बरं वाटत होतं. त्या दोन वर्षांत मी कुठल्याच आकड्यात नव्हते. आजार मात्र होता.

म्हणून आई जे म्हणते ना, आमच्या वेळी नव्हतं, ते अर्धं खरं आणि अर्धं नाही. नवीन पेशंट खरंच कमी होते हे खरं. पण नव्हतेच असं नाही. पूर्वी कोणाला सहा-सहा महिने रक्ताची आव आहे म्हणायचे, कोणाला संग्रहणी, कोणी नुसतंच खंगून गेलं, त्यातल्या कोणाला काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. वैद्यकात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं वर्णन १८५९ सालचं आहे, लंडनच्या सॅम्युअल विल्क्सचं, आणि क्रोन्सचा, म्हणजे आयबीडीतल्या दुसऱ्या मुख्य आजाराचा, तो प्रसिद्ध पेपर १९३२ चा. आजार जुनाच आहे, आईला हे सांग, पण वाद घालायला नको सांगूस. ती "आमच्या वेळी नव्हतं" म्हणते त्याच्या पोटात दुसरं काहीतरी आहे, त्यावर येतेच मी.

बाबांचं बाहेरचं खाणं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. २१ देशांतल्या १ लाख १६ हजार लोकांवर सरासरी दहाएक वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात दिवसाला पाच किंवा जास्त वेळा पॅकेटमधलं, कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं खाणाऱ्यांना आयबीडी व्हायची शक्यता, एकपेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या मानाने सुमारे १.८ पट निघाली. बाबांना हेच वाक्य कोणीतरी पाठवलं असणार. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा बघ, त्या १ लाख १६ हजारांत इतक्या वर्षांत आयबीडी झाला किती जणांना, ४६७. हजारात चार. म्हणजे पाच-पाच वेळा पॅकेट फोडणाऱ्यांतल्या पण जवळजवळ सगळ्यांना काहीच झालं नाही. आणि ते लोक ३५ ते ७० वयाचे होते, तुझा भाऊ २४ चा. लोकसंख्येच्या पातळीवर एखादी गोष्ट धोका वाढवते म्हणजे ती तुझ्या भावाच्या आतड्यात नेमकी कारणीभूत झाली असं सिद्ध होत नाही, हा फरक बाबांना समजावायला वेळ लागेल, पण समजाव. एका घरातली चार मुलं तेच खातात आणि एकालाच होतं, मग खाण्याने झालं म्हणायचं कसं? दोनशेच्या वर जनुकीय जागा या आजाराशी जोडलेल्या सापडल्यात, त्यात आतड्यातले जंतू, लहानपणीचं वातावरण, सिगारेट (ती क्रोन्सचा धोका वाढवते आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये चित्र उलटं दिसतं, पण म्हणून कोणी ओढायला लागू नये, बाकीचं नुकसान आहेच), असं सगळं मिळून होतं. डेन्मार्कच्या नोंदीत तर असं दिसलंय की अल्सरेटिव्ह कोलायटिस निघायच्या साधारण तीन वर्षं आधीपासून आणि क्रोन्सच्या आठ वर्षं आधीपासून रक्ताच्या रिपोर्टमध्ये बारीक बदल सुरू झालेले असतात. म्हणजे बाबा गेल्या वर्षभरात त्याने काय खाल्लं याची यादी काढत असतील तर ती यादी बहुतेक सुरुवात होऊन गेल्यानंतरची आहे.

दुसरीकडे राहायला जायचं डोक्यातून काढून टाक. स्थलांतर करणाऱ्यांचे अभ्यास झालेत आणि मला स्वतःला ते सगळ्यात जास्त विचार करायला लावतात. इंग्लंडात लेस्टरला दक्षिण आशियातून आलेल्या लोकांमध्ये १९८० च्या दशकात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण तिथल्या युरोपियन लोकांच्या जवळपास दुप्पट निघालं होतं. कॅनडात ओंटारियोला दिसलं की माणूस जितक्या लहान वयात तिथे आला तितका धोका जास्त, दर दहा वर्षांमागे १४ टक्के, आणि दक्षिण आशियातून आलेल्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना तर तिथल्या बाकी मुलांइतकाच. यातून कळतं ते एवढंच की नुसतं रक्तात नाही, वातावरणात पण काहीतरी आहे आणि लहानपणाचा काळ महत्त्वाचा. पण ते काहीतरी म्हणजे एखाद्या गावचं पाणी नाही की गाव सोडलं आणि सुटलो. ते राहणीमानाबरोबर सगळीकडे पसरतंय. तू पळून जाशील कुठे, जिथे जाशील तिथेही तेच असेल नाहीतर दहा वर्षांत येईल, आणि तुझा भाऊ मात्र इथे एकटा पडेल.

आता तुझी छोटी. तिची कुठलीही टेस्ट करू नकोस. काही त्रास नसलेल्या मुलाची, घरात कोणाला आयबीडी आहे एवढ्यावरून, तपासणी करायची पद्धत नाही. जनुकांची टेस्ट करून पण हाती काही लागत नाही, त्या दोनशे जागांतल्या काही खुणा तर ठणठणीत लोकांमध्येही असतात. धोका वाढतो तो मुख्यतः आई-वडील, सख्खे भाऊ-बहीण, मुलं यांना, मामाला आहे म्हणून भाचीला त्याहून कमी. आणि "वाढतो" म्हणजे काय, तर अगदी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असला तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही. सख्खी बहीण तू आहेस, तेव्हा लक्ष ठेवायचं तर आधी स्वतःवर ठेव. शीमधून रक्त, महिनाभर न थांबणारे जुलाब, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, कारण नसताना वजन उतरणं, आणि मुलीच्या बाबतीत वजन-उंची अडकणं, यातलं काही दिसलं तर मूळव्याध असेल, दात येत असतील असं म्हणत थांबायचं नाही, एवढंच. माझी दोन वर्षं गेली तशी तुझी नकोत जायला. सुरुवातीला शीची एक साधी तपासणी असते, कॅलप्रोटेक्टिन नावाची, त्यावरून आतड्याला सूज आहे का याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, लगेच दुर्बीण घालत नाहीत. अंगावर पाजत असशील तर जमेल तोवर चालू ठेव, त्याचा फायदाच दिसलाय. नसशील किंवा बंद झालं असेल तर त्याचं आता नवीन ओझं घेऊ नकोस, एक फाईल घरात पुरे आहे.

भावाशी बोलताना आकडे अजिबात नकोत. चोविसाव्या वर्षी संडास कुठे आहे हे बघून घराबाहेर पडावं लागतं, बसमध्ये बसायच्या आधी दोनदा विचार करावा लागतो, मित्रांना खरं सांगता येत नाही म्हणून हळूहळू जाणंच बंद होतं, आणि घरी आलं की जेवताना चार डोळे ताटाकडे. तो बोलत नाही यात नवल ते काय. मी त्या वयात माझ्या आईशी तीन महिने फक्त हो-नाही बोलत होते. तू एक कर, त्याच्याबरोबर कुठेतरी जायचं ठरव, अर्ध्या तासाचं असलं तरी चालेल, आणि निघायच्या आधी संडास कुठे कुठे आहेत ते तू बघून ठेव आणि त्याला एकदाच सांग, मग विषय बंद. माझ्या मैत्रिणीने माझ्यासाठी हे केलं होतं.

औषधाबद्दल मात्र एक गोष्ट त्याला स्पष्ट विचार. मेसालामाईन, म्हणजे या आजारात सुरुवातीला बहुतेक देतात ती सूज कमी करणारी गोळी, बरं वाटलं की लोक सोडतात, मी पण सोडलं होतं, आणि नियमित न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटायचं प्रमाण पाचपटीपेक्षा जास्त निघालंय. गोळ्यांनी फरक नाही म्हणजे गोळ्या खरंच लागू पडत नाहीयेत की तो मधूनमधून विसरतोय, हे डॉक्टरांना खरं कळलं पाहिजे, नाहीतर उगाच पुढचं औषध सुरू होईल. हे विचारताना बाबा खोलीत नकोत. अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी आजार उफाळून येऊ शकतो. आणि आजार सुरू झाल्यापासून आठएक वर्षांनी कॅन्सरसाठी ठराविक अंतराने दुर्बिणीतून बघतात, ते आत्ता बोलायची गरज नाही, पण तुझ्या डोक्यात असू दे.

आता फाईल.

मला वाटतं तू पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलंस, नाहीतर "अजून एक" म्हणून शेवटी घातलं नसतंस. आई रात्री काय शोधतेय ते मी सांगते, ती अँटिबायोटिक्स मोजतेय. कुठेतरी वाचलं असणार तिने, किंवा कोणीतरी म्हणालं असणार, लहानपणी अँटिबायोटिक्स दिली की पुढे हा आजार होतो. दिवसा ती म्हणते आमच्या वेळी नव्हतं, आणि रात्री बघते की माझ्या हातून काय झालं. माझ्या आईने पण हेच केलं होतं, तिच्याकडे फाईल नव्हती, ती आठवून आठवून सांगायची, तुला तेव्हा न्यूमोनिया झाला होता, तेव्हा इतके दिवस इंजेक्शनं होती.

तर तिला हे सांग, बसून, घाई न करता. डेन्मार्कमध्ये १९९५ ते २००३ मध्ये जन्मलेल्या ५ लाख ७७ हजार मुलांच्या नोंदी बघितल्या गेल्या, त्यात आयबीडी निघाला ११७ मुलांना. अँटिबायोटिक्सशी संबंध दिसला तो क्रोन्समध्ये. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तसा दिसला नाही. आणि क्रोन्समध्ये पण सगळ्यात ठळक दिसला तो औषध घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, त्यामुळे अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलंय की कदाचित आजार आधीच सुरू झालेला होता, पोट बिघडलेलं होतं, म्हणून अँटिबायोटिक दिलं गेलं, म्हणजे उलटंच. मोठ्यांच्या काही अभ्यासांत दोन्ही आजारांशी संबंध दिसलाय हेही खरं आहे, लपवायचं नाही तिच्यापासून, पण तुझ्या भावाला एकोणीस-वीस वर्षांपूर्वी दिलेल्या कुठल्या बाटलीने हे झालं असं त्या कागदांवरून जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. आणि ती बाटली दिली नसती तर त्या वेळच्या तापाचं काय झालं असतं ते फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. तो आज २४ वर्षांचा होऊन तिच्याशी अबोला धरू शकतोय, त्यात त्या बाटल्यांचा पण हात असेल.

पण नुसतं सांगून तिचं समाधान होणार नाही, मला माहितीये, माझ्या आईचं झालं नव्हतं. म्हणून तिला काम दे. डॉक्टर औषध वाढवायचं म्हणतायत ना, म्हणजे बहुतेक प्रतिकारशक्ती दाबणारं काहीतरी सुरू होईल, अझाथायोप्रिन किंवा बायोलॉजिक. त्याच्या आधी लहानपणी कुठल्या लशी झाल्यात, कांजिण्या येऊन गेल्यात का, हिपॅटायटिस बी चे डोस पूर्ण झालेत का, घरात कोणाला टीबी होता का, हे सगळं विचारतात, काही लशी राहिल्या असतील तर औषध सुरू व्हायच्या आधीच द्याव्या लागतात, कारण जिवंत जंतूंच्या लशी नंतर देता येत नाहीत. मला हे विचारलं तेव्हा माझ्याकडे एकही कागद नव्हता, सगळ्या रक्ताच्या टेस्ट नव्याने कराव्या लागल्या आणि औषध तेवढे दिवस लांबलं. तुझ्या घरात ते कागद आहेत, जपून ठेवलेले, आणि घरात ते वाचता येणारं एकच माणूस आहे.

उद्या सकाळी आईला म्हण, डॉक्टरांनी लशींचं कार्ड मागितलंय आणि कांजिण्या कधी आल्या होत्या ते विचारलंय, तुझ्या फाईलमध्ये असेल का बघ ना. दिवसाउजेडी, टेबलावर, तुम्ही दोघी बसून काढा. जमलं तर भावालाच विचारायला लाव. आणि अपॉइंटमेंटला तिला बरोबर न्या, फाईल तिच्याच हातात असू दे, डॉक्टर तारखा विचारतील तेव्हा तिलाच सांगू दे.

मला कळव काय झालं ते. कांजिण्यांचं पान सापडलं की नाही हे पण.